‘करायला पाहिजे’ आणि ‘करायचंय’ यांच्यामधलं अंतर

एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २६, मूळ गाव निफाड तालुक्यात, घरची द्राक्षबाग. सध्या नाशिकच्या सिडकोत खोली करून राहणं आणि अंबडच्या कारखान्यात तीन पाळ्यांत काम. मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. चालू आहे, दुसऱ्या वर्षाचे दोन विषय राहिलेत आणि त्यातला एक अकाउंट्सचा. प्रेरणादायी व्हिडिओ पाहिला की तीन-चार दिवस जोरात अभ्यास होतो, मग पुस्तक उघडवत नाही आणि आठवड्याभराने स्वतःचीच लाज वाटायला लागते. वर्षभरात हे पाच-सहा वेळा झालं. “बाहेरून आलेली प्रेरणा टिकत नाही, मग ती आतून कशी आणायची आणि कशी टिकवायची?” स्वतःला बक्षीस द्यावं का, असंही विचारलंय.

मी हा प्रश्न जरा वेगळा मांडतो. तुमच्यात उमेद नाही असं तुमच्या लिहिण्यात कुठेच दिसत नाही. पाच-सहा वेळा मोडलेली गोष्ट पुन्हा हातात घेणाऱ्या माणसाकडे उमेद असतेच. तपासायच्या गोष्टी दोन आहेत. चौथ्या दिवशी नेमकं काय होतं? आणि परत यायला दर वेळी नवा व्हिडिओ का लागतो? आतली ओढ ही कुठे दडलेली, शोधून काढायची वस्तू नाही. काही परिस्थितींत ती तयार होते, काहींत विझते. त्यामुळे तिला शोधण्यापेक्षा ती परिस्थिती मांडून द्यावी, ते जास्त हातातलं काम आहे.

त्याआधी एक गोष्ट बघून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. अभ्यासाचाच कंटाळा येतोय की कशातच मन लागत नाही? क्रिकेट, मित्र, गावी जाणं, आवडीचं जेवण, यांतलंही काही नकोसं झालं असेल, झोप आणि भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर हा प्रेरणेचा प्रश्न नाही, नैराश्याची तपासणी करून घ्यायची वेळ आहे. डॉक्टरांना भेटा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच फोन करा. मन ठीक असून अंगातच त्राण नसेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. फिरत्या पाळ्यांत झोप पाच तासांवर आली असेल, तर आधी झोप दुरुस्त करा. थकलेल्या मेंदूला जिद्दीचं भाषण देऊन उपयोग होत नाही.

हे सगळं ठीक आहे असं धरून पुढे जाऊ.

मराठीत एकाच क्रियापदाची चार रूपं होतात आणि समुपदेशनात मला ती लांबलचक प्रश्नावलीपेक्षा उपयोगी पडतात: करावं लागतं, करायला पाहिजे, करायचंय, करावंसं वाटतं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात प्रेरणेची जी मांडणी केली, तिच्यातल्या पायऱ्या जवळपास याच आहेत.

‘करावं लागतं’ म्हणजे उघड बाहेरचा दाब. सुपरवायझर व्हायला पदवी लागते, म्हणून. दाब आहे तोवर काम होतं.

‘करायला पाहिजे’ हे सगळ्यांत फसवं. हा दाबही बाहेरचाच, फक्त तो आता आपल्या आत राहायला आलेला असतो. चुलतभाऊ शिकला, मग मीही शिकायला पाहिजे. वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलं, त्याचं चीज करायला पाहिजे. आवाज आतून येतो म्हणून आपण त्याला अंतःप्रेरणा समजतो. तो जोर लावतो यात शंका नाही, तीन-चार दिवस तर जबरदस्त लावतो. पण त्याचं इंधन अपराधीपणा असतं. त्यामुळे पुस्तक ही स्वतःची लाज भेटायची जागा होऊन बसते. पुस्तक टाळलं की सुटल्यासारखं वाटतं आणि ते सुटल्यासारखं वाटणंच पुढच्या वेळी टाळायला शिकवतं. तुमचा आठवड्याचा फेरा बहुतेक इथूनच फिरतोय.

‘करायचंय’ म्हणजे काम रटाळ असेलही, पण त्यातून जे मिळणार आहे ते मी स्वतः तोलून पाहिलंय आणि मला ते हवंय. ‘करावंसं वाटतं’ म्हणजे कामातच गोडी.

माझं स्पष्ट मत असं की अकाउंट्ससाठी चौथ्या रूपाची वाट पाहू नका. ताळेबंद पहिल्याच झटक्यात जुळला की त्या रात्री थोडी गोडी येईल, ती घ्या. पण अभ्यास वर्षभर चालायला ‘करायचंय’ पुरेसं असतं. रोज आवडलंच पाहिजे, ही अट घालून अनेकजण चांगली चाललेली गोष्ट सोडतात.

‘पाहिजे’वरून ‘करायचंय’वर यायचं ते असं. सुट्टीच्या दिवशी, झोप झालेली असताना, एक कागद आणि वीस मिनिटं घ्या. ‘मी बी.कॉम. का करतोय’ याची किमान दहा उत्तरं लिहा. दहा अशासाठी की पहिली चार-पाच बहुधा उसनी असतात, सगळ्यांनी सांगितलेली. खरी सातव्या-आठव्यापासून यायला लागतात. मग प्रत्येक वाक्यापुढे चारांपैकी कोणतं रूप ते लिहा. ‘पाहिजे’च्या वाक्यांपाशी थांबा आणि विचारा, हे वाक्य मला कुणाच्या आवाजात ऐकू येतं? या वाक्यात माझं स्वतःचं काही आहे का? काही वाक्यं बदलतात. ‘बापाच्या कष्टाचं चीज केलं पाहिजे’ हे ‘बागेचा औषध-खत-मजुरीचा खर्च आणि व्यापाऱ्याकडून येणं, हा हिशोब मला स्वतःला मांडता यायला हवाय’ असं होऊ शकतं. पहिलं वाक्य ओझं आहे, दुसऱ्यात एक कौशल्य आहे आणि ते कुणासाठी हवंय तेही आहे. जी वाक्यं बदलत नाहीत ती खोडा. शेवटी उरलेलं एकच वाक्य पुस्तकाच्या आतल्या बाजूला चिकटवा. भिंतीवर लावू नका. भिंतीवरचं वाक्य तुम्ही अभ्यास करत नसतानाही दिसत राहतं आणि चार दिवसांत त्याचं पुन्हा ‘पाहिजे’ होतं.

आता व्हिडिओंबद्दल. ते पाहणं पाप नाही, पण ते करतात काय ते समजून घ्या. आपण यशस्वी झालोय असं चित्र मनात रंगवलं की शरीर थोडं सैलावतं, जणू गोष्ट झालीच आहे. हेदर कॅपेस आणि गाब्रिएल ओटिंगन यांच्या २०११ च्या प्रयोगांत अशा सुखद कल्पनांनंतर लोकांचा उत्साह वाढण्याऐवजी उतरलेला दिसला. त्याच जातीची दुसरी गोष्ट म्हणजे संकल्प जाहीर करणं. ‘आता मागे वळून बघायचं नाही’ असं स्टेटस टाकलं आणि लोकांनी अंगठे दिले की केल्याचं अर्धं समाधान तिथेच मिळून जातं. दोन महिने दोन्ही बंद ठेवा. चित्र रंगवायचंच असेल तर लगेच त्याच्या शेजारी अडथळा मांडा: पास झालोय हे दिसतंय, आणि आड काय येतंय, तर दुसऱ्या पाळीवरून रात्री साडेअकराला आल्यावर हातात येणारा मोबाइल. अडथळा नेमका दिसला की त्याच्यावर काहीतरी करता येतं.

आणि आता चौथा दिवस. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा हाच गाभा आहे.

पहिले तीन दिवस सोपे असतात. व्याख्या, तत्त्वं, नोट्स, रंगीत पेनं. चौथ्या दिवशी अंतिम लेख्यांची, म्हणजे नफा-तोटा आणि ताळेबंदाची, गणितं येतात. तेरीज (ट्रायल बॅलन्स) दिलेली, खाली सात-आठ समायोजना (ॲडजस्टमेंट). तासभर खपून ताळेबंदाच्या दोन बाजू जुळत नाहीत. या क्षणाला आपण ‘मूड गेला’, ‘आळस आला’ अशी नावं देतो. त्याचं खरं नाव आहे ‘इथे मला कळत नाही’. यावर उत्साहाचा डोस घेतला तर तुम्ही दुप्पट जोरात त्याच भिंतीवर जाऊन आदळता. आपल्याला हे जमतंय ही जाणीव हा आतल्या ओढीचा मोठा झरा आहे आणि तो इथे बुजलेला असतो.

तेव्हा भिंत कुठे आहे ते शोधा. सोडवलेली आणि चुकलेली पाच गणितं घ्या आणि फक्त चुका तपासा. प्रत्येक समायोजनेचे दोन परिणाम असतात. घसारा (डेप्रिसिएशन) नफा-तोटा खात्यात जातो आणि ताळेबंदात मालमत्तेतून वजाही होतो. देणं बाकी असलेला पगार पगाराच्या खर्चात मिळवायचा आणि देयतांमध्येही दाखवायचा. ताळेबंदातला फरक एखाद्या समायोजनेच्या रकमेइतकाच असेल, तर बहुधा तिचा एकच परिणाम नोंदला गेलाय. फरकाच्या निम्मी रक्कम तेरजेत कुठे सापडली, तर ती उलट्या बाजूला गेली असण्याची शक्यता मोठी. पाच गणितांत बहुधा दोनच प्रकारच्या चुका फिरून फिरून येताना दिसतील. ‘मला अकाउंट्स येत नाही’ हे वाक्य आकसून ‘आगाऊ दिलेल्या विम्याचा दुसरा परिणाम मी विसरतो’ इतकं छोटं झालं की छातीवरचं दडपण उतरतं.

पायरी निवडायचा साधा नियम ठेवा. एकाच प्रकारची पाच गणितं किंवा पाच नोंदी करा. तीन-चार बरोबर आल्या तर त्याच पायरीवर राहा. पाचही आल्या तर वरची पायरी. दोन किंवा त्याहून कमी आल्या तर खाली उतरा, म्हणजे अंतिम लेखे सोडून खतावणी (लेजर) आणि खतावणीही अडत असेल तर कीर्द (जर्नल). दुसऱ्या वर्षाला येऊन कीर्दीच्या नोंदी करायच्या, याची लाज वाटते म्हणून लोक उतरत नाहीत आणि वर्षभर वरच लोंबकळत राहतात. अभ्यासकेंद्रावरच्या संपर्कसत्राला जाताना ‘सगळंच समजावून सांगा’ म्हणू नका. दोन चुकलेली गणितं, चूक झाली ती ओळ अधोरेखित करून न्या. उत्तर मिळतं.

वेळेचं काय? पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर ‘रोज पहाटे पाचला’ हा संकल्प तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात मोडणारच, त्यात तुमचा दोष नाही. घड्याळाला अभ्यास बांधू नका, एखाद्या कृतीला बांधा. पीटर गॉलविट्झर यांनी १९९० च्या दशकात ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ अशा नेमक्या ठरावांचा परिणाम दाखवून दिला. नुसत्या इच्छेपेक्षा ते कितीतरी जास्त वेळा पाळले जातात, कारण तेव्हा ‘आता बसू का नको’ हा वाद मनात होतच नाही. पहिल्या पाळीत: घरी येऊन चहा झाला, कप धुऊन पालथा घातला की वही उघडायची. दुसऱ्या पाळीत: सकाळचा नाश्ता झाला की. तिसऱ्या पाळीत सकाळी आल्यावर पुस्तकाला हात लावायचा नाही, आधी खिडकी झाकून झोप. संध्याकाळी डबा भरायच्या आधी पंधरा मिनिटं, तीही आधी सुटलेलं गणित पुन्हा सोडवण्यापुरती. नवा घटक दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात घ्या, तेव्हा सकाळी डोकं ताजं असतं. झोपायच्या आधीच्या पाच-सहा तासांत चहा टाळा.

माप आधी लहान ठेवा. पहिले दोन आठवडे रोज पंधरा मिनिटं किंवा एक गणित, जे आधी होईल ते. उत्साह आला तरी चाळीस मिनिटांच्या वर जाऊ नका. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण तीन-चार तास बसलेला पहिला दिवस हाच चौथ्या दिवसाचा शत्रू असतो. दुसऱ्या दिवशी मन त्या तीन तासांशी तुलना करतं आणि पंधरा मिनिटांना ‘यात काय होणार’ म्हणून उडवून लावतं. उठताना उद्याचं गणित वहीत उतरवून ठेवा, खात्यांचे रकाने आखून ठेवा, पेन त्यातच. उद्या बसल्यावर पहिलं काम विचार करण्याचं नसावं, हाताचं असावं. चांगला आठवडा गेला की किमान माप वाढवायचा मोह होतो आणि बहुतेकांचं गाडं तिथेच घसरतं. जास्त अभ्यास खुशाल करा, पण किमान माप महिनाभर तेच राहू द्या. ते वाईट दिवसासाठी आहे.

एकवीस दिवसांत सवय लागते या म्हणण्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात जेवणासोबत फळ खाणं, पाणी पिणं, थोडा व्यायाम अशा साध्या गोष्टी अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले आणि माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने त्या वाटचालीत फारसा फरक पडला नाही, हे त्यातलं जास्त महत्त्वाचं.

मधल्या काळात प्रगती दिसत नाही आणि तिथे धीर सुटतो. तुमच्या घरी बाग आहे म्हणून हे तुम्हाला कुणी वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीच्या डोळ्यात, म्हणजे अंकुरात, सूक्ष्म घडनिर्मिती होते. बाहेरून काहीच दिसत नाही. घड दिसतो तो थेट फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. त्या उन्हाळ्यात वडील डोळा फोडून घड आला का ते बघत बसत नाहीत. काड्यांची विरळणी करतात, सात-आठ पानांवर शेंडा खुडून सबकेन (उपकाडी) करतात, पाणी बघतात. जे मोजता येतं तेवढंच मोजतात. तुम्हीही मार्क, निकाल, ‘किती सिलॅबस राहिला’ हे मोजू नका. कॅलेंडरवर तीनच गोष्टी लिहा: बसलो की नाही, किती नोंदी किंवा गणितं केली, त्यातली बरोबर किती.

आता खंडाबद्दल. खंड पडणार आहे. लग्नसराई, ओव्हरटाइम, ताप, बागेत मजूर मिळाले नाहीत म्हणून गावी जाणं. दर वेळी तुम्हाला नवा व्हिडिओ लागतो, कारण परतायची वाट आधी आखलेली नाही. ती आत्ताच लिहून ठेवा. तीन दिवसांहून जास्त खंड पडला तर पहिल्या दिवशी नवं काही नाही, आधी बरोबर आलेलं एक गणित पुन्हा सोडवायचं, बस्स. दुसऱ्या दिवशी किमान माप. तिसऱ्या दिवशी जिथे थांबलो होतो तिथून. बुडलेले दिवस भरून काढायचे नाहीत. ‘चार दिवसांचं आज एकदम’ असं केलं की कर्ज साचतं आणि कर्ज साचलेल्या दुकानासमोरून माणूस वाट बदलून जातो.

‘आतून’ म्हणजे ‘एकट्याने’ असाही एक समज असतो. डेसी आणि रायन यांच्या मांडणीत आतल्या प्रेरणेला तीन गोष्टी लागतात: निवड आपली असणं, जमतंय असं वाटणं आणि माणसांशी जोडलेलं असणं. तिसरी नसेल तर पहिल्या दोन टिकवणं अवघड जातं. म्हणून एकच माणूस निवडा. त्याच केंद्रावरचा विद्यार्थी सगळ्यांत चांगला. सुट्टीच्या दिवशी दोघांनी अभ्यासिकेत किंवा सार्वजनिक वाचनालयात दोन तास शेजारी बसा. एकमेकांना ‘काय करणार’ ते सांगू नका, ‘काय केलं’ तेवढंच सांगा. कौतुकही नेमकं करा. ‘शाब्बास, लगे रहो’ यापेक्षा ‘या वेळी घसारा दोन्हीकडे बरोबर टाकलास’ यातून जास्त बळ मिळतं, कारण त्यात माहिती असते.

घरून ‘झाला का अभ्यास, कधी होणार पास’ असं होत असेल तर वडिलांशी भांडू नका आणि खोटंही बोलू नका. त्यांना काळजी दाखवायला दुसरा प्रश्न माहीत नसतो, तो तुम्ही द्या. “अण्णा, पास कधी होणार ते मला आत्ता सांगता येत नाही. फोनवर एवढंच विचारा की या आठवड्यात किती गणितं केली.” बहुतेक वडिलांना हे चालतं. मग गावी गेलात की बागेच्या औषधांची बिलं घ्या आणि त्यांच्यासमोर खर्चाचं खातं मांडा. विषय पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडतोय हे दिसणं, ही ‘करायचंय’ला मिळणारी सगळ्यांत सकस खुराक आहे.

स्वतःला बक्षीस द्यावं का, असंही तुम्ही विचारलंत. जपून द्या. १९७३ मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना ‘चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र’ असं आधी कबूल केलं होतं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. अचानक प्रशस्तिपत्र मिळालेल्यांच्या किंवा न मिळालेल्यांच्या आवडीवर तसा परिणाम झाला नाही. ज्यात गोडी आहे तिथे सौदा नको. अकाउंट्समध्ये अजून गोडी नाही, त्यामुळे नुकसान फार नाही. पण ‘इतके तास बसलो’ म्हणून बक्षीस नको. अवघड घटक संपला की कधीतरी मिसळ खायला जा, तेही आधी न ठरवता.

राहिला एक प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत पण तो कागद लिहिताना समोर येऊ शकतो. दहाही वाक्यं ‘लागतं’ आणि ‘पाहिजे’चीच निघाली तर? तर ही पदवी सोडणं किंवा बदलणं हाही प्रामाणिक निर्णय असू शकतो. फक्त तो तिसऱ्या पाळीवरून आल्यावर किंवा ताळेबंद न जुळलेल्या रात्री घेऊ नका. कॅलेंडरवर आजपासून आठ आठवड्यांनंतरच्या सुट्टीवर खूण करा. तोवर किमान माप चालू ठेवा आणि त्या दिवशी कागद नव्याने लिहा, जुना न बघता. मग दोन्ही शेजारी ठेवा. ‘करायचंय’ची वाक्यं वाढली असतील तर परीक्षेचा अर्ज भरा. नसतील तर राहिलेल्या दोन विषयांवर आणखी एक वर्ष घालायचं का, हे वडिलांशी समोरासमोर बसून बोला.